शब्द, ऐब आणि किंमत

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवताना काही शब्द असे येतात, की फळ्यावर त्यांचा एकच अर्थ लिहून पुढे जाता येत नाही. ‘ऐब’ हा त्यांपैकी एक. मराठीतही तो खोड, उणेपणा या अर्थाने पूर्वापार आहे. मुलांना आम्ही सांगतो, की दुसऱ्याचा ऐब दिसला तर त्यावर पांघरूण घाला, चारचौघांत त्याची लाज काढू नका. उर्दूत याला ‘ऐबपोशी’ म्हणतात आणि तो मोठा सद्गुण समजला जातो. पण हाच शब्द बाजारात उतरला की त्याचा हुकूम उलटा होतो. माणसाचा ऐब झाकायचा असतो आणि मालाचा ऐब दाखवायचा असतो. बाजारातून जाताना प्रेषित मुहंमद (स.) यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला आणि बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर, मग लोकांना दिसेल असे ते ओले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले. ‘सहीह मुस्लिम’मधली ही हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणीच ऐकलेली असते. तिच्यात एक बारकावा आहे. पाऊस काही त्या विक्रेत्याने पाडला नव्हता. धान्य भिजले हा त्याचा गुन्हा नव्हता. ओले खाली राहिले आणि कोरडे वर राहिले, एवढ्यापुरताच त्याला जाब विचारला गेला.

धान्याच्या राशीत हात घालता येतो, घराच्या भिंतीत घालता येत नाही. घर पाहायला गेलेला माणूस नळ सोडून पाहतो, खिडकी उघडून वारा पाहतो, शेजार कसा आहे ते विचारतो आणि जिना उतरून खाली येतो. खांबाच्या पोटातली सळी कुणी पाहत नाही. पुष्कळदा किंमत ठरून गेल्यावर, इसाराची रक्कम दिल्यावर, कुणी इंजिनिअर यंत्र लावून तपासतो तेव्हा ती दिसते. मग प्रश्न उभा राहतो. ठरलेली किंमत आता पुन्हा बोलायची का? बोललो तर दिलेला शब्द मोडला, असे होते का? आणि गप्प बसलो तर तो भलेपणा म्हणायचा की भित्रेपणा? प्रश्न पैशाचा दिसतो, पण त्यात ईमान गुंतलेले आहे.

ठाण्यात राहणाऱ्याला हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. नौपाड्यात गोखले रोड आणि राम मारुती रोडच्या आतल्या गल्ल्यांतून चालत गेले, तर लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली जुन्या इमारती अजून दिसतात. स्टेशन पायी अंतरावर, बाजार दारात, त्यामुळे तिथल्या जुन्या घरालाही मागणी असते. याच नौपाड्यात, बी केबिन भागात, ४ ऑगस्ट २०१५ च्या मध्यरात्रीनंतर ‘कृष्णा निवास’ ही तीन मजली इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्याच्या आठवडाभर आधी ठाकुर्लीत एक जुनी इमारत अशीच खाली आली होती. दोन्हीकडे माणसे दगावली. त्यापूर्वी ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळच्या लकी कंपाऊंडमध्ये इमारत पडून ७४ जणांचा जीव गेला होता. पण ते घाईने उठवलेले बेकायदा बांधकाम होते. नौपाडा आणि ठाकुर्लीतली घरे मात्र लोकांनी वर्षानुवर्षे राहून वापरलेली होती. तिथे ऐब आत आत वाढत गेला होता.

तो कसा वाढतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. गच्ची गळते, मोरी-संडासाचे पाइप पाझरतात, पाणी काँक्रीटमधून सळीपर्यंत पोहोचते. लोखंड गंजले की त्याचे आकारमान वाढते. फुगलेली सळी काँक्रीटला आतून ढकलते, भेग पडते आणि भेगेतून आणखी पाणी जाते. वरून प्लास्टर करून रंग मारला की दोन पावसाळे काही दिसत नाही. म्हणूनच गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांवरच्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा करावी, असे सांगितले आहे. धोकादायक इमारतींचे वर्गही ठरलेले आहेत. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ती रिकामी करून पाडायची. सी-२ए रिकामी करून दुरुस्त करायची. सी-२बी रिकामी न करता दुरुस्त करायची. सी-३ ला किरकोळ दुरुस्ती पुरते. मधल्या दोन वर्गांतली घरे विकलीही जातात आणि घेतलीही जातात, आणि आपला प्रश्न याच घरांचा आहे.

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारे एक सहकारी आहेत. त्यांची हकिकत नाव-पत्ता सोडून सांगते. ते राबोडीत भाड्याने राहत. पत्नीची नोकरी मुंबईला, दोन मुले शाळेत, म्हणून स्टेशनजवळ घर हवे होते. पुष्कळ फिरल्यावर नौपाड्यात दुसऱ्या मजल्यावरची एक जागा जमली. मालक निवृत्त गृहस्थ होते. पत्नी वारल्यावर ते एकटे पडले होते आणि पुण्याला मुलीजवळ जाणार होते. ७२ लाखांवर सौदा ठरला. एक लाख रुपये इसार दिला, हाताने पावती लिहिली गेली, दोन महिन्यांत साठेखत करायचे ठरले. निघताना काकांनी देवघराचा कोनाडा दाखवून, “इथे तुमची पुस्तकं छान राहतील हं,” असेही म्हटले होते.

पुढे इमारत जुनी म्हणून बँकेने कर्जासाठी ऑडिटचा अहवाल मागितला. सोसायटीकडून तो मिळाला. तळमजल्याच्या चार खांबांत सळ्या गंजलेल्या, गच्चीचा स्लॅब गळका, वर्ग सी-२बी. दुरुस्तीचा अंदाज प्रत्येक घरामागे सव्वाचार लाख. पैसे अजून गोळा व्हायचे होते, म्हणजे ते नव्या मालकाच्या अंगावर येणार होते. जिन्याजवळच्या फलकावर या विषयाची एक जुनी नोटीसही होती. सर त्या जिन्याने चार वेळा वर गेले होते, पण फलक वाचला नव्हता.

शिक्षकांच्या खोलीत चर्चा झाली नसती तरच नवल. तीन मते पडली. आमच्या ज्येष्ठ आपा म्हणाल्या, “जुबान दिली ना, सर? मग आता आकडा बदलणं शोभत नाही.” सौदा जमवणाऱ्या दलालाचा सल्ला सरांनी स्वतःच सांगितला. तो म्हणाला होता, “हीच वेळ आहे. काकांनी पुण्याच्या फ्लॅटला पैसे भरलेत, उरलेले महिनाअखेरीला द्यायचेत. त्यांना आता मागे फिरता येत नाही. दहा लाख कमी सांगा, सात-आठला तुटेल.” तिसरे मत एका तरुण शिक्षकाचे होते, आणि ते ऐकून खोलीत थोडा वेळ कुणी बोलले नाही. तो म्हणाला, “सर, त्या भागात आपल्याला घर कोण देतंय? मिळतंय ते बिस्मिल्ला करून घ्या. आता कटकट केलीत तर म्हणतील, हे लोक असेच.”

आपांचे म्हणणे आधी घेऊ. ते सहज बाजूला सारण्यासारखे नाही. दिलेल्या शब्दाला बाजारभावाप्रमाणे चढउतार लागू झाला, तर कुणी कुणावर विसंबायचे? पण शब्द दिला म्हणजे नेमके कशाला दिला, हे पाहिले पाहिजे. सरांनी ७२ लाख कबूल केले ते चार भिंती आणि ते उभे ठेवणारे खांब यांच्यासाठी. खांब धडधाकट आहेत हे कुणी उच्चारले नव्हते. ते दोघांच्याही बोलण्याच्या तळाशी गृहीत होते. ते गृहीतच खोटे निघाले, तर आकड्याला चिकटून राहणे म्हणजे शब्द पाळणे होत नाही. तिथे नुसता आकडा पाळला जातो.

आपला कायदाही हेच धरून चालतो. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आजही लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला ठाऊक असलेला, घेणाऱ्याला ठाऊक नसलेला आणि साधी काळजी घेऊनही त्याला सापडला नसता असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणे ही फसवणूक समजली जाते. नव्या इमारतीत बिल्डरकडून घर घेतले तर २०१६ च्या रेरा कायद्याने ताबा मिळाल्यापासून पाच वर्षे बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर टाकली आहे. जुने घर माणसाने माणसाकडून घेतले, तर असा आधार नाही. तिथे बोलणाऱ्याचे तोंड आणि ऐकणाऱ्याचे कान यांवरच मुख्य भिस्त.

हा वाद दोन हजार वर्षांपेक्षा जुना आहे. रोमचा सिसेरो याने इसवी सनापूर्वी ४४ साली आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात नेमके घरविक्रीचे उदाहरण आहे. घर रोगट आहे, खोल्यांत साप निघतात, लाकूड कुजके आहे, आणि हे फक्त मालकालाच माहीत आहे. त्याने ते सांगायला हवे का? डायोजेनीस आणि त्याचा शिष्य अँटिपेटर यांची तिथे जुंपलेली दिसते. डायोजेनीसचे म्हणणे, की खोटे बोलू नये हे खरे, पण गप्प राहणे म्हणजे लपवणे नव्हे. आपल्या मालाची निंदा करीत कोण विकतो? अँटिपेटरला हे मान्य नाही. वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यासारखेच ते आहे, असे तो म्हणतो. सिसेरो शिष्याच्या बाजूने उभा राहतो आणि एक खराखुरा खटला सांगतो. शकुन पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना एका टेकडीवरचे उंच घर आड येत होते, म्हणून त्यांनी वरचा भाग पाडण्याचा हुकूम दिला. मालक क्लॉडियस याने हुकूम मिळाल्यावर ते घर विकायला काढले आणि विकले. घेणाऱ्याला पुढे तोच हुकूम मिळाला. त्याने घर पाडले आणि नंतर त्याला खरी तारीख कळली. न्यायाधीश मार्कस केटो यांनी निकाल दिला, की विकणाऱ्याला माहीत होते आणि त्याने सांगितले नाही, तेव्हा नुकसान त्याने भरावे. आजच्या महापालिकेच्या नोटिशीला हा निकाल जसाच्या तसा लावता येईल.

म्हणजे आपांच्या मताला उत्तर मिळाले. ऐब निघाल्यावर किंमतीविषयी बोलणे हा शब्दभंग नाही. पण त्याने दलालाचे मत खरे ठरते का? इथे मला आपल्या फिक्हमधला एक नियम विचार करायला लावतो. मालात ऐब निघाला तर घेणाऱ्याला मिळणाऱ्या हक्काला ‘खियार-ए-ऐब’ म्हणतात. बाराव्या शतकात मर्गीनानी यांनी लिहिलेल्या ‘हिदाया’ या हनफी ग्रंथात तो स्पष्ट आहे. व्यापाऱ्यांच्या रिवाजात ज्याने किंमत उतरते तो ऐब. असा ऐब सापडला तर घेणाऱ्याने माल पूर्ण किंमतीला ठेवावा किंवा परत करावा. माल ठेवून घेऊन वर घट मागण्याचा हक्क त्याला नाही. परत करणे अशक्य होऊन बसले असेल तरच भरपाई. कोकणातले आपले बांधव ज्या शाफई पंथाचे आहेत तिथेही मूळ नियम हाच; हंबली पंथात मात्र माल ठेवून घट घेण्याची मुभा आहे.

पहिल्यांदा वाचताना हा नियम घेणाऱ्यावर अन्याय करणारा वाटतो. ऐब त्याचा नाही, मग घट का मागू नये? ‘हिदाया’त दिलेले एक कारण असे, की ठरलेल्यापेक्षा कमी किंमतीत वस्तू हातातून जावी याला विकणारा कधीच राजी झालेला नव्हता. हा नियम पूर्ण झालेल्या विक्रीचा आहे आणि आमच्या सरांचे तर साठेखतही झाले नव्हते; पण कारण इथेही लागू पडते. ऐब निघाल्याने घेणारा मोकळा होतो. त्याला विकणाऱ्याच्या घरावर नवी किंमत लादण्याचा हक्क मिळत नाही. नवी किंमत हा नवा सौदा आहे आणि त्यालाही दोघांची रजामंदी लागते. ती मिळाली तर समेटाला कुणाची हरकत नाही. कुरआनच्या चौथ्या सूरेत व्यापार परस्परांच्या राजीखुशीने व्हावा असे सांगितले आहे, ती राजीखुशी दुसऱ्या वेळीही तितकीच लागते.

दलालाचा दहा लाखांचा आकडा या कसोटीवर टिकत नाही. सव्वाचार लाख अहवालात होते. वरचे पावणेसहा लाख कुठल्या खांबाचे होते? ते काकांच्या पुण्याच्या हप्त्याचे होते, महिनाअखेरीच्या तारखेचे होते, बायको गेलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या घाईचे होते. ऐब निमित्ताला पुढे करायचा आणि किंमत लावायची समोरच्याच्या मजबुरीची, असा तो हिशेब होता. बाजारात हे रोज चालते आणि त्याला हुशारी म्हणतात. पण ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या ‘हो’ला रजामंदी म्हणता येईल का? म्हणून घट मागणाऱ्याने स्वतःला विचारावे, की समोरचा नको म्हणाला तर मी इसार परत घेऊन खरोखरच निघून जाईन का, आणि त्याला तसे म्हणण्याची सवड मी ठेवली आहे का? ऐब आज कळला आणि आपण तो महिनाअखेरीच्या आदल्या दिवशी काढला, तर आकडा अहवालातला असला तरी वेळ मजबुरीची निवडलेली असते.

आता तिसरे मत. ते मला सगळ्यांत जड वाटते, कारण ते लोभातून आलेले नाही. मुसलमान कुटुंबाने आपल्या वस्तीबाहेर घर शोधायला निघणे म्हणजे काय, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. फोनवर जागा रिकामी असते आणि नाव सांगितल्यावर ती गेलेली असते. अशा माणसाला घर मिळते तेव्हा तो ते उपकारासारखे घेतो. ऐब दिसला तरी बोलत नाही. आपण त्याला सब्र म्हणतो. पण ज्या कसोटीने काकांचे ‘हो’ मजबुरीचे ठरते, त्याच कसोटीने सरांचे गप्प बसणेही मजबुरीचे ठरते. एकाची मजबुरी तारखेची, दुसऱ्याची नावाची, एवढाच फरक. शिवाय त्या गप्प बसण्यात समोरच्याविषयी एक वाईट अंदाज लपलेला असतो. खरे बोललो तर हा माणूस माझा हिशेब न पाहता माझी जात-जमात पाहील, असे आपण त्याला न विचारताच ठरवून टाकतो. तसा अनुभव आपल्याला पुष्कळदा आलेला असतो, हे खरे. तरी या काकांनी ते अजून केलेले नव्हते. ज्याने पुस्तकांसाठी आपल्या देवघराचा कोनाडा दाखवला, त्याच्याशी सरळ बोलून पाहणे एवढा मान त्याला द्यायला हवा होता.

इथवर विचार आला आणि हकिकतीला एक वळण मिळाले. दलालानेच बोलता बोलता सांगितले, की एक बिल्डर सोसायटीच्या कमिटीला भेटून गेला आहे. पुनर्विकास झाला तर जुन्या घराच्या बदल्यात मोठे नवे घर मिळण्याची शक्यता. पत्नीच्या आजारपणापासून काका सभेला जात नव्हते, त्यांना हे माहीत नसावे. ठाण्यातल्या जुन्या इमारतींचा हा चमत्कारिक गुण आहे. ज्या कागदावर इमारत थकली असे लिहिलेले असते, तोच कागद पुनर्विकास जवळ आणतो. म्हणजे ऐब आणि खजिना एकाच भिंतीत. दलालाने सरांना सुचवले होते ते असे, की कागदाची एक बाजू काकांना दाखवायची आणि दुसरी आपल्या खिशात ठेवायची.

‘सहीह बुखारी’त पूर्वीच्या काळातल्या दोघांची एक हकिकत आहे. एकाने दुसऱ्याकडून जमीन घेतली. जमिनीत सोन्याने भरलेले मडके निघाले. घेणारा ते घेऊन परत गेला, की मी जमीन विकत घेतली, सोने घेतलेले नाही. विकणारा म्हणाला, मी जमीन विकली ती आतल्या सगळ्यासकट. दोघेही नको म्हणत राहिले. ज्याच्याकडे निवाड्याला गेले त्याने एकाचा मुलगा आणि दुसऱ्याची मुलगी यांचे लग्न लावून त्यांच्यावर ते सोने खर्च करायला सांगितले. साथी जरीर बिन अब्दुल्लाह यांच्याविषयी सांगतात, की तीनशे दिरहमला ठरलेला घोडा पाहून त्यांनी मालकाला तो अधिक किंमतीचा असल्याचे सांगितले आणि स्वतःच बोली वाढवत आठशे दिले. सिसेरोच्या त्याच ग्रंथात स्कीव्होला नावाच्या रोमनाची अगदी अशीच गोष्ट आहे. मालकाने शेताची किंमत सांगितली, याने ती कमी आहे म्हणून एक लाख नाणी जास्त मोजली. दूरदूरच्या दोन जगांत लोकांनी एकाच तऱ्हेचा माणूस लक्षात ठेवला. कायदाही इथे पूर्ण मुका नाही. त्याच कलम ५५ मध्ये घेणाऱ्यावरही एक कर्तव्य आहे. विकणाऱ्याच्या हक्काचे स्वरूप किंवा व्याप्ती यांविषयी त्याला ठाऊक नसलेली आणि किंमत बरीच वाढवणारी गोष्ट घेणाऱ्याला माहीत असेल, तर ती सांगायची. बिल्डरची नुसती बोलणी त्या शब्दांत बसत नाहीत, पण विचार तोच आहे. आपल्यापैकी फारच थोडे जण जरीर यांच्याइतके वर जाऊ शकतील. तरी निदान एवढे तर म्हणता येते, की ज्याला ऐबासाठी किंमत उतरवायची आहे त्याने खजिन्याची खबर लपवू नये. एकाच तराजूचे एक पारडे उघडे आणि दुसरे झाकलेले, असे वजन करता येत नाही.

सरांनी शेवटी काय केले ते सांगते. अहवालाची पूर्ण प्रत घेऊन ते एका रविवारी काकांकडे गेले. सव्वाचार लाख आपल्यावर येणार, तेवढे कमी करावेत अशी विनंती केली. जमत नसेल तर इसार परत द्या, राग नाही, हेही सांगितले. आणि बिल्डर येऊन गेल्याचे ऐकले आहे, तेव्हा उत्तर देण्यापूर्वी सेक्रेटरींना विचारून घ्या, असे म्हटले. काका बराच वेळ कागद चाळत राहिले. मग म्हणाले, “नोटीस मी वाचली होती, सर. तुम्हाला दलालानं सांगितलं असेल, असं धरून चाललो.”

हे ‘धरून चालणे’ फार ओळखीचे आहे. ते खोटे नसते, आणि खरे बोलण्याचे कष्टही त्यात पडत नाहीत. घर विकणाऱ्या किती भल्या माणसांचा ऐब असाच मधल्या माणसाच्या खांद्यावर टाकलेला असतो! बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हकीम बिन हिजाम यांनी सांगितलेली एक हदीस आहे. दोघे खरे बोलले आणि त्यांनी उघड करून सांगितले तर सौद्यात बरकत, लपवले आणि खोटे बोलले तर ती पुसली जाते. तिथे खरे बोलणे आणि उघड करून सांगणे ही दोन वेगळी कामे सांगितली आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. काकांनी पहिले मोडले नव्हते, दुसरे राहून गेले होते.

आठ दिवसांनी, मुलीशी बोलून, काकांनी तीन लाख कमी केले. बाकीचे कमी करणार नाही म्हणाले, कारण बिल्डर आला तर फायदा तुमचाच आहे. सरांनी ते मान्य केले. ६९ लाखांवर साठेखत झाले. दलाल दोघांवरही नाराज होता.

इथे बहुतेक लोक हा विषय संपला असे समजतील. मला वाटते, एक गोष्ट उरते. ते तीन लाख कशाचे? खांबांच्या दुरुस्तीसाठी म्हणून ते काकांच्या पदरातून गेले. घेणाऱ्याने त्यातून फर्निचर केले, आणि पुढे सोसायटीच्या सभेत दुरुस्तीचा ठराव आला तेव्हा, बिल्डर येणारच आहे मग आता खर्च कशाला, म्हणून हात वर केला नाही, तर त्याने घट कोणत्या हक्काने घेतली होती? ज्या कारणासाठी पैसे मागितले त्या कारणाची ती अमानत आहे. कमी झालेली किंमत खरेदीदाराच्या खात्यात दिसते; पण गंजलेली सळी किंमत उतरली म्हणून गंजायची थांबत नाही. बिल्डरची बोलणी वर्षानुवर्षे चालू राहू शकतात. ‘कृष्णा निवास’सारखी इमारत कोसळते तेव्हा कोणी घर स्वस्तात घेतले होते आणि कोणी महाग, हे ढिगाऱ्याखाली विचारले जात नाही.

घरात राहायला गेल्यावर सरांनी आपला दुरुस्तीचा वाटा भरला, ते तीन लाख आणि वर सव्वा लाख स्वतःचे. सगळ्यांनी अजून भरलेले नाहीत. सोळा घरे आहेत. काहींची पेन्शनवर गुजराण आहे, काही मालक परदेशात आहेत, काहींना बिल्डरची वाट पाहायची आहे. सर सभेला जातात आणि विज्ञानाच्या शिक्षकाला साजेल अशा शब्दांत गंज म्हणजे काय ते समजावून सांगतात. तळमजल्याच्या त्या चार खांबांवर वरची सगळी घरे उभी आहेत, पैसे भरलेल्यांची आणि न भरलेल्यांचीही.